चौदा वर्षांचा मुलगा वेढ्यात कसा न्यायचा

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो, उभ्या धरलेल्या अंगठ्यासारखा. जून १६७० मध्ये शिवाजीराजांच्या फौजेने हा किल्ला मोगलांकडून घेतला. इतिहासाच्या पुस्तकांत या घटनेला एखादी ओळ मिळते, कित्येकदा तीही नाही. त्या वर्षातली सगळी वाहवा ४ फेब्रुवारीला घेतलेल्या सिंहगडाच्या वाट्याला गेली. कुमारवयीन वाचकांसाठी युद्धकादंबरी लिहिणाऱ्याला मात्र अशीच कमी उजेडातली जागा सोयीची पडते. का, आणि त्या एका ओळीतून दीडदोनशे पानांची गोष्ट कशी उभी राहते, हे कर्नाळ्याचेच उदाहरण घेऊन टप्प्याटप्प्याने पाहू.

प्रसंग निवडताना

मराठीत ऐतिहासिक कादंबरीची परंपरा भक्कम आहे. हरि नारायण आपट्यांची ‘उषःकाल’ १८९५ ते १८९७ या काळात ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. पुढे नाथमाधवांनी ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून सुरू होणारी मालिका लिहिली. ही पुस्तके मुलांसाठी म्हणून लिहिलेली नव्हती, तरी घरोघरी ती तेराव्या-चौदाव्या वर्षी वाचली गेली. आजच्या कुमारकादंबरीचा पाया तिथे आहे.

आपट्यांनी सिंहगडावर ‘गड आला पण सिंह गेला’ लिहिली तेव्हा त्यांच्यापुढे एक अडचण होती. तानाजीचे काय होणार हे पहिल्या पानाआधीच वाचकाला ठाऊक. मग उत्कंठा आणायची कुठून? त्यांनी कमलकुमारीचे उपकथानक रचून ती आणली. मोठ्या प्रसंगाची किंमत ही अशी असते: मुख्य माणसे हलवता येत नाहीत, त्यांच्या तोंडी काय घालायचे यावर बंधने येतात आणि कल्पनेला बाजूच्या दालनात जागा शोधावी लागते.

छोट्या प्रसंगात उलट होते. कर्नाळा कोणी घेतला हे ठाऊक आहे. पण चढणाऱ्यांत कोण होते, पायथ्याच्या वाड्यांवर त्या दिवसांत काय गुजरले, किल्ल्यावरच्या शिबंदीला धान्य कोण पोचवत होते, याबद्दल कागद गप्प आहेत. इतिहासकाराला ही गैरसोय. कादंबरीकाराला इथेच जागा मिळते. अट एवढीच की ज्या ठिकाणी कागद बोलतात तिथे त्यांचे ऐकायचे.

पनवेल परिसरात असे आणखीही प्रसंग आहेत. शिरढोणला ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड आहे, २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह आहे. फडक्यांची रोजनिशी आणि आत्मवृत्त सरकारच्या हाती लागले आणि खटल्यात वापरले गेले. म्हणजे तिथे नायकाचा स्वतःचा आवाज हाताशी आहे, आणि लेखकाचे स्वातंत्र्य तेवढे कमी. कर्नाळ्याच्या वेढ्यातला एकही आवाज आपल्यापर्यंत आलेला नाही. म्हणून आपले उदाहरण तेच.

कागद वाचताना

पहिली ठेच पत्त्यालाच लागते. आज पनवेल रायगड जिल्ह्यात, त्याआधी कुलाब्यात. म्हणून माणूस कुलाब्याचे जुने गॅझेटियर उघडतो आणि त्याला कर्नाळा सापडत नाही. ब्रिटिशांनी १८८३ मध्ये छापलेला गॅझेटियरचा तो खंड तयार झाला तेव्हा पनवेल ठाणे जिल्ह्यात मोडत होते. कर्नाळ्याची हकीकत ठाण्याच्या खंडात आहे.

हाती लागते ते थोडे, पण कामाचे. १६५७ च्या सुमारास कर्नाळा स्वराज्यात आला. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत तो गेला. पाच वर्षांनी परत आला. आणि परत कसा आला, याचे एक दृश्य इंग्रजांच्या नोंदींवरून आलेले आहे: फौज पुढे लाकडी फळ्या धरून, मातीचे आडोसे रचत, टप्प्याटप्प्याने वर सरकत गेली.

ही नोंद वाचून कादंबरीकाराचे कान टवकारले पाहिजेत. सिंहगडाच्या दंतकथेतली घोरपड, दोर, मध्यरात्रीचा कडा यांतले काहीच इथे नाही. आहे ती मेहनत: लाकूड तोडणे, फळ्या पाडणे, त्या चढणीवरून वाहणे, माती खणणे, टोपल्या भरणे. या युद्धाला तलवारबाजांइतकेच हमाल लागले असणार. आणि हमालीत मुलेही असतात.

तारखांचीही एक खुबी ध्यानात ठेवावी लागते. त्या काळी इंग्रज जुने जुलियन पंचांग वापरत, आणि सतराव्या शतकात ते आजच्या पंचांगाच्या दहा दिवस मागे होते. इंग्रजी पत्रावर जूनचा चौथा आठवडा असेल तर आजच्या हिशेबाने जुलै उजाडलेला असतो. कोकणात हा फरक साधा नाही. पाऊस आता येणार आणि पाऊस धो धो कोसळतोय, एवढे अंतर त्या दहा दिवसांत पडते.

जागा पाहताना: आधी वजाबाकी

जागा पाहिल्याशिवाय लिहू नये, असे म्हणण्याची रीत आहे. पण नाथमाधव तरुणपणी शिकारीच्या वेळी सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. त्यांचे बहुतेक लेखन त्यानंतरचे. पायांनी गड चढल्याशिवायही कादंबरी लिहिता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसऱ्या टोकाला गो. नी. दांडेकर. १९१६ साली परतवाड्याला जन्मलेले, लहान वयातच घर सोडून स्वातंत्र्यलढ्याकडे निघालेले, गाडगेबाबांच्या सहवासात वावरलेले, नर्मदेची परिक्रमा केलेले आणि पुढे तळेगाव दाभाड्यात स्थिरावलेले गोनीदा आयुष्यभर गड पालथे घालत राहिले. ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ आणि ‘हे तो श्रींची इच्छा’ या त्यांच्या कादंबऱ्या ‘कादंबरीमय शिवकाल’ या नावाने एकत्र आल्या. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे ‘जैत रे जैत’. ही कादंबरी कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकर आदिवासींची आहे. त्यातला लिंगोबाचा डोंगर म्हणजे हाच सुळका, आणि मधमाश्यांशी वैर धरणारा नाग्या त्याच्याच पायथ्याचा. जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये त्यावर चित्रपट केला. ‘जैत रे जैत’ युद्धाची गोष्ट नव्हे. पण कर्नाळ्याच्या पायथ्याशी राहणारा माणूस डोंगराकडे कसा पाहतो, हे शिकायला तिच्यासारखे पुस्तक नाही.

गडावर गेल्यावर पहिले काम नोंदी घेण्याचे नाही, वजा करण्याचे आहे. पक्षी अभयारण्य १९६८ चे, ते वजा. खालचा महामार्ग वजा. गडावर एक मराठी शिलालेख आहे, पण त्यावर तारीख नाही. एक फारसी लेख आहे, त्यावर सय्यद नूरुद्दीन मुहम्मद खान हे नाव आणि हिजरी ११४६ हे वर्ष आहे. हिशेब केला तर ते १७३३-३४ येते. म्हणजे आपल्या गोष्टीतला मुलगा १६७० मध्ये त्या लेखासमोर उभा राहून अक्षरांवरून बोट फिरवू शकत नाही. दृश्य कितीही सुंदर जमत असले तरी अक्षरे कोरायला अजून साठ-पासष्ट वर्षे आहेत.

वजाबाकीनंतर उरते ते वापरायचे: सुळक्याच्या पायाशी खडकात खोदलेली टाकी, दरवाजापर्यंतची चढण, समोर प्रबळगड आणि माणिकगड. पनवेलच्या खाडीतला माल बोरघाटाकडे ज्या वाटेने जाई तिच्यावर नजर ठेवायला हा किल्ला होता. वर उभे राहून खाली पाहिले की लढाई कशासाठी होती हे मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मुलगा आणि त्याचे काम

आता नायक. वय कसे ठरवायचे? सनावळीच ते ठरवून देते. १६५६ च्या आसपास पायथ्याच्या ठाकरवाडीत जन्मलेला मुलगा घ्या. तो तान्हा असताना किल्ला स्वराज्यात आला. तो नऊ वर्षांचा असताना तहात गेला. म्हणजे वरची माणसे बदलताना त्याने डोळ्यांनी पाहिली. वेढ्याच्या वेळी तो चौदा वर्षांचा आहे. मधली पाच वर्षे त्याच्या वाडीने मोगल शिबंदीला लाकूडफाटा, मध, दूध पुरवले असणार, कारण पोट कोणाचेही राज्य आले तरी चुकत नाही. त्याचा बाप वर ओझी नेत असेल. वरच्या एखाद्या शिपायाने या पोराला कधी खजूर दिला असेल. आणि आता खालून फळ्या घेऊन फौज आली आहे.

इथे या साहित्यप्रकाराचा गाभा येतो. मोठ्यांच्या ऐतिहासिक कादंबरीत मध्यभागी असतो तो निर्णय घेणारा: राजा, सरदार, सेनापती. कुमारांच्या युद्धकादंबरीत मध्यभागी असतो तो दुसऱ्यांनी घेतलेला निर्णय सोसणारा. चौदा वर्षांचा वाचक स्वतः असाच जगत असतो. शाळा, घर, गाव बदलायचे की नाही हे मोठे ठरवतात. म्हणून त्याला सरदारापेक्षा हा पोर लवकर कळतो.

पण सोसणारा म्हणजे नुसता बघ्या नव्हे. त्याला युद्धात खरे काम हवे, आणि ते त्याच्या वयाला, जातीपातीच्या त्या काळच्या चौकटीला आणि अंगबळाला शोभणारे हवे. अमेरिकेत एस्थर फोर्ब्स यांनी आधी पॉल रिव्हिअर या क्रांतिकाळातल्या चांदीकारागिराचे चरित्र लिहिले. त्याला १९४३ मध्ये इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच अभ्यासातून त्यांनी मुलांसाठी ‘जॉनी ट्रेमेन’ ही कादंबरी काढली. तिच्यातला जॉनी हा चांदीकारागिराकडचा शिकाऊ. वितळलेल्या चांदीने त्याचा हात भाजतो आणि धंदा सुटतो. मग तो घोड्यावरून वर्तमानपत्रे आणि निरोप पोचवू लागतो. त्यामुळे बंडखोरांच्या गुप्त बैठकीपासून इंग्रज अधिकाऱ्यांच्या तबेल्यापर्यंत त्याला सगळीकडे शिरता येते. कामाची निवड इतकी नेमकी असली की योगायोगांची गरज पडत नाही. ब्रिटनच्या मायकेल मॉर्पर्गो यांनी १९८२ च्या ‘वॉर हॉर्स’मध्ये पहिल्या महायुद्धाची गोष्ट चक्क घोड्याच्या तोंडून सांगितली. घोडा दोन्ही बाजूंच्या हाती पडतो, त्यामुळे दोन्ही बाजू दिसतात.

कर्नाळ्याच्या मुलाला फळ्या वाहण्याचे काम द्यावे. फळीमागे असल्यामुळे तो लढाईच्या तोंडाशी पोचतो, पण त्याच्या हाती शस्त्र नसते. फळीला गोळी लागली की ती कशी थरथरते हे त्याच्या तळहाताला कळते. दोन आडोशांमधले दहा हात अंतर काय असते, हे त्याच्याइतके घोड्यावरच्या सरदाराला माहीत नसते.

ऋतू आणि साधने

इथे एक मोह होतो. कर्नाळा म्हटले की मधमाश्या आल्याच. सुळक्यावरचे आग्यामोहोळ उठते, शिबंदीची दाणादाण उडते, किल्ला पडतो. वाचक टाळ्या वाजवील. पण आग्या माश्या साधारण पावसाच्या तोंडावर उघडे कडे सोडून जातात. वेढ्याच्या दिवसांत सुळक्यावर बहुधा रिकामी, काळवंडलेली पोळी असणार. मग हा प्रसंग टाकायचा का? टाकायचा नाही, मागे न्यायचा. चैत्र-वैशाखात मुलगा बापाबरोबर मध काढायला कड्यावर चढतो, हे दुसरे प्रकरण करायचे. त्या चढाईत त्याला कड्यावरची प्रत्येक खोबण पाठ होते. पुढे वेढ्यात उपयोगी पडते ते हे ज्ञान. ऋतूने एक खोटा चमत्कार काढून घेतला आणि बदल्यात खरे कारण दिले.

पावसाचेही असेच. त्या काळची बंदूक तोड्याची. सतत धुमसणारी वात दारूला लावून बार काढायचा. वात भिजली की बंदूक म्हणजे काठी. ओली माती खणायला सोपी, पण रचलेला आडोसा रात्रीत खचतो. ओली फळी दुपटीने जड होते. एकाच पावसाने दोन्ही बाजूंना अडवावे आणि दोन्ही बाजूंना थोडे साहाय्यही करावे, यातून प्रकरणामागून प्रकरण बांधता येते. नेमके असेच घडले असा दावा नव्हे. फळ्या, माती आणि पाऊस एकत्र आले की हे घडणे भाग आहे, एवढेच लेखक म्हणतो.

बाकी बारीकसारीक गोष्टींची एक यादी टेबलाशी ठेवावी. राज्याभिषेक १६७४ चा, म्हणून १६७० मध्ये कोणी ‘छत्रपती’ म्हणत नाही. ‘राजे’ म्हणतात. शिवराई हे नाणेही त्यानंतरचे, तेव्हा हमालीचे दाम तिच्यात मोजायचे नाहीत. वेळ घटका-प्रहरात, अंतर कोसात. जेवणात नाचणी, वरी, भात, कुळीथ. बटाटा, टोमॅटो आणि चहा यांना बंदी. या यादीतली एखादी वस्तू चुकली तर गोष्ट कोसळत नाही. पण चौदा वर्षांचा वाचक चुका पकडण्यात मोठ्यांपेक्षा कडक असतो, आणि एकदा शंका शिरली की तो खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

बोलणे कसे असावे

जुनी भाषा हुबेहूब लिहिली तर मुले पुस्तक मिटतात. आजची शाळकरी भाषा लिहिली तर काळ मोडतो. जाणते लेखक मधली वाट काढतात: निवेदन सरळ आणि स्वच्छ, संवादांत बोलीचा बेताचा रंग. ठाकर मुलाच्या तोंडी अधूनमधून बोलीतले रूप यावे, पण प्रत्येक वाक्यात नको. फौजेतल्या माणसाच्या तोंडी फारसी वळणाचे शब्द सहज येऊ द्यावेत, कारण कारभाराची भाषा तशीच होती. तिला संस्कृत पेहराव देण्याचा ‘राज्यव्यवहारकोश’चा खटाटोप राज्याभिषेकाच्या सुमाराचा आहे. संस्कृतप्रचुर संवाद म्हणजे ऐतिहासिक, ही समजूत आपल्याला नाटक-सिनेमांनी लावली.

चाचणीचा उपाय सोपा आहे: मोठ्याने वाचून पाहणे. गोनीदांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन त्यांची कन्या वीणा देव आणि जावई विजय देव यांनी वर्षानुवर्षे केले आणि लोक तासन्‌तास ऐकत बसले. जे वाक्य वाचताना जीभ अडखळते ते मुलाच्या मनातही अडखळणार.

मरण आणि शत्रू

युद्धकादंबरीत माणसे मरतात. मुलांसाठी लिहितो म्हणून मरण गाळले तर ते खोटे, आणि रक्ताची वर्णने रंगवली तर तोही एक प्रकारचा लोभ. नेहमीची पद्धत अशी की मरण एकच, पण ओळखीच्या माणसाचे. ‘जॉनी ट्रेमेन’मध्ये जॉनीचा थोरला मित्र रॅब जातो आणि पुस्तकाचा सगळा भार त्या एका मरणावर येतो. कर्नाळ्याच्या गोष्टीत फळीचे दुसरे टोक धरणारा सोबती जाईल, किंवा खजूर देणारा तो वरचा शिपाई.

शिपायाचे मरण लिहायला अवघड, म्हणून जास्त मोलाचे. किल्ला जिंकल्याचा आनंद खरा आहे. मुलाच्या वाडीवरचा वेठीचा जाच कमी होण्याची आशाही खरी आहे. त्याच वेळी ओळखीचा एक चेहरा गेला हेही खरे. तिन्ही गोष्टी एकाच प्रकरणात उभ्या करता आल्या तर पुस्तक पोवाड्याच्या पुढे जाते. शत्रूला सरसकट राक्षस केले की मुलांना लढाई कळते, युद्ध कळत नाही.

विजयही कायमचा नसतो, हे कर्नाळ्याइतके स्पष्ट कोणता किल्ला सांगेल? शिवाजीराजांनंतर तो पुन्हा मोगलांकडे गेला, पुढे पेशव्यांकडे आला आणि १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने घेतला. वासुदेव बळवंतांचे आजोबा अनंतराव या किल्ल्याचे किल्लेदार होते असे सांगतात. गोष्ट १६७० लाच संपवावी. पण लेखकाला पुढचे ठाऊक असले की शेवटचे वाक्य आपोआप संयमाने लिहिले जाते.

शेवटचे पान

गोष्ट संपल्यावर एक पान लेखकाच्या निवेदनाचे असावे. मराठीत ते अनेकदा प्रस्तावनेत जाते, आणि प्रस्तावना मुले वाचत नाहीत. म्हणून ते मागे ठेवावे आणि त्यात तीन रकाने सरळ मांडावेत. नोंदलेले: तहातले किल्ले, जून १६७०, फळ्या आणि मातीचे आडोसे. तर्काने घेतलेले: पावसाचा परिणाम, वाडीचा किल्ल्याशी व्यवहार. रचलेले: मुलगा, त्याचा बाप, तो शिपाई आणि त्यांचे सगळे बोलणे. घोरपडीच्या दंतकथा खऱ्या म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, कारण असे पान कोणी जोडले नाही.

मुलांसाठी पुस्तक निवडणाऱ्या पालकाला किंवा शिक्षकालाही हेच टप्पे उलट्या क्रमाने वापरता येतील. मागे असे निवेदन आहे का, ते आधी पाहावे. मग मधले कोणतेही पान उघडून ऋतू कोणता आहे आणि मुलाच्या हातात काय काम आहे, हे शोधावे. शेवटी शत्रूपक्षातल्या एका तरी माणसाला नाव आहे का, ते पाहावे. या तिन्हींची उत्तरे मिळाली तर पुस्तक विकत घ्यायला हरकत नाही. आणि कर्नाळ्याच्या वेढ्यावरचे असे पुस्तक पनवेलच्या एखाद्या नववी-दहावीतल्या मुलीने स्वतःच लिहायला घेतले, तर तिच्यासाठी निम्मी सामग्री घरापासून तासाभरावर उभी आहे आणि उरलेली ठाण्याच्या गॅझेटियरमध्ये आहे.